वॉरंटी संपली आणि बटणं गेली : वडिलांच्या साध्या फोनचं काय करावं?

माळरान

नानांचा (वडिलांचा) साधा बटणाचा फोन आहे, दोन सिमवाला. वॉरंटी एक वर्षाची होती, ती दिवाळीत संपली. संक्रांतीच्या सुमारास काही बटणं अधूनमधून लागेनाशी झाली. फोन तळहातावर आपटला की पुन्हा चालायची. आता 1, 6, 0 आणि वर जायचा बाण ही चार पूर्ण बंद आहेत. बाकी फोन ठणठणीत. आवाज खणखणीत, बॅटरी उतरत नाही, स्क्रीनवर ओरखडासुद्धा नाही.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडेच जाईल. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने मागचं झाकण काढलं, बॅटरीखालचा बारका स्टिकर बघितला आणि म्हणाला, "वॉरंटी संपलीय. बोर्ड बदलावा लागेल. त्यापेक्षा नवीन घ्या." बोर्डाचा भाव विचारला तर नव्या फोनच्या जवळपास.

आता तुम्ही पण म्हणाल, घ्या की नवीन. अडचण वेगळीच आहे. आमच्या विहिरीवरच्या मोटरीला मोबाइल स्टार्टर बसवलाय. शेतीची लाइट आळीपाळीने रात्रीची असते. नाना घरी बसून स्टार्टरच्या नंबरवर फोन लावतात, पलीकडून बाई बोलते, 1 दाबला की मोटर सुरू आणि 2 दाबला की बंद. त्यातला नेमका 1 गेला. म्हणजे मोटर बंद करता येते, सुरू करता येत नाही! सत्तरी ओलांडलेला माणूस रात्री बॅटरी घेऊन विहिरीवर जातो आणि मी इकडे पुण्यात. स्मार्टफोन घेऊन दिला होता, तो कपाटात आहे. नानांची बोटं याच फोनला सरावली आहेत, न बघता नंबर लावतात.

घरच्या घरी काही करता येईल का? की बाहेरच्या दुकानात द्यावा? आणि वॉरंटी संपली म्हणजे कंपनीला काही विचारायचंच नाही का?

---

निवांत_बसलो

हजार-दीड हजारात नवा येतो. पुण्यातून जाऊन-येऊन एसटीला किती जातील, हिशोब करा. जुनं सोडा.

---

वेलदोडा

निवांत, वरचं शेवटपर्यंत वाचलंत का? नव्या फोनमध्ये बटणांची जागा बदलते, कॉल कापायचं बटण भलतीकडे असतं. म्हाताऱ्या माणसाला महिना जातो त्यात. माझ्या मावशीला डोळ्यांनी जवळपास दिसत नाही. ती 5 वरचा उंचवटा चाचपून बाकीची बटणं ओळखते. मध्यंतरी दुकानदाराने वरचा रबरी पट्टा बदलून दिला, दिसायला नवाकोरा, पण त्यावर 5 चा ठिपकाच नव्हता. मावशी म्हणाली, हा फोन माझा नाही. परत जुना पट्टा धुऊन बसवला. तेव्हा किपॅड बदलून घेणाऱ्यांनी 5 वर बोट फिरवून बघा आणि मगच पैसे द्या.

---

सोल्डरकर

माझं तालुक्याच्या गावी स्टँडसमोर रिपेरिंगचं दुकान आहे, रोज हेच बघतो. जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमची चार बटणं बघू. 1, 6, 0 आणि वरचा बाण. ही शेजारीशेजारी नाहीत. ओल किंवा धूळ बटणाखाली गेली असती तर जवळजवळची गेली असती, म्हणजे 1-2-4 किंवा 7-8-0. लांबलांबची चार एकदम गेली, आणि आपटल्यावर परत चालायची, म्हणजे बटणं चांगली आहेत. ती चारही आत एकाच लाइनीवर असणार आणि ती लाइन कुठेतरी तुटली आहे.

फोनमध्ये दर बटणाला वेगळी तार नसते. आडव्या-उभ्या लाइनींची जाळी असते. 12 आकड्यांच्या बटणांना 4 आडव्या आणि 3 उभ्या अशा 7 लाइनींत भागतं. बाण, कॉल, मेन्यू धरून आणखी थोड्या लागतात. बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी लाइन एकमेकींना टेकतात, फोनमधली चिप, म्हणजे आयसी, सतत सगळ्या लाइनी तपासत असते, ती ओळखते कुठली जोडी लागली. वरून दिसणारी रांग आणि बोर्डावरची लाइन एकच असेल असं मात्र नाही. बोर्ड बनवणारा सोयीने लाइनी फिरवतो. म्हणून 1, 6 आणि 0 एका लाइनीवर निघू शकतात.

आता सगळ्यांसाठी सांगतो. किपॅडचे तीन थर असतात. वर आकडे छापलेला रबराचा किंवा प्लास्टिकचा पट्टा. त्याखाली पारदर्शक चिकट शीट, तिला प्रत्येक बटणाच्या जागी पातळ स्टीलची बारकी टिकली चिकटवलेली. उलट्या वाटीसारखी असते, दाबली की टक् करून बसते आणि सोडली की वर येते. याला आम्ही डोम किंवा नुसतं शीट म्हणतो. त्याखाली बोर्ड, त्यावर सोनेरी गोल कडं आणि मध्ये ठिपका. डोम दाबला की कडं आणि ठिपका जोडला जातो. इतकंच.

त्यामुळे दुकानात यायच्या आधी एक काम करा. नंबर लावायची जागा उघडा, 1 पासून # पर्यंत सगळी बटणं एकेक करून दाबा आणि कागदावर लिहा. एकच बटण मेलं आणि दाबताना टक् होत नाही, तर डोम बसला. टक् होतं पण आकडा येत नाही, तर खाली घाण किंवा गंज. एक दाबलं की दोन आकडे येतात किंवा भलताच आकडा येतो, तर ओल जाऊन दोन लाइनी चिकटल्या. लांबलांबची तीन-चार एकदम गेली, तर लाइन. असा कागद घेऊन गिऱ्हाईक आलं की आमचं निम्मं काम होतं. बहुतेक जण येऊन म्हणतात "चालत नाही", आणि गर्दीच्या वेळी दुकानदारही खोलात जात नाही. सरळ शीट बदलतो, त्याने लाइनीचा फॉल्ट जात नाही, मग "बोर्ड गेलाय" म्हणतो.

तुमच्या केसला शीट बदलून उपयोग नाही. मीटर बीपवर लावून (लाइन जोडलेली असली की तो वाजतो) लाइन कुठे तुटली ते शोधायचं आणि केसासारखी बारीक इनॅमलची तार टाकून जंपर मारायचा, म्हणजे तुटलेली दोन टोकं तारेने जोडायची. येणारा कारागीर असेल तर अर्ध्या-पाऊण तासाचं काम. आमच्याकडे दोन-अडीचशे घेतो. आयसीच्या पोटात फॉल्ट निघाला तर मात्र सोडून द्या, साध्या फोनला तो खर्च परवडत नाही.

---

उचापती

वा! वाखूसा (वाचनखूण साठवली). सोल्डरकर, घरी साफ करायचं असेल तर? मी एकदा सॅनिटायझर टाकून बघणार होतो. तांदळाच्या डब्यात ठेवावा असंही म्हणतात.

---

सोल्डरकर

सॅनिटायझर नको. त्यात पाणी असतं, बहुतेकात ग्लिसरीनही असतं, तो चिकटा बटणाखाली राहतो. नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको. बहुतेकांत अ‍ॅसिटोन असतो, त्याने प्लास्टिक विरघळतं आणि आकड्यांची छपाई जाते. गंज सोडवायचा स्प्रे पण नको, त्याचा तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते. आम्ही आयपीए वापरतो, आयसोप्रोपाइल अल्कोहोल, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बाटली मिळते. पुण्यात असाल तर तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला.

बॅटरी आणि सिम काढायची. फोन उघडायला बहुतेक वेळा टी-5 किंवा टी-6 चा चांदणी तोंडाचा स्क्रूड्रायव्हर लागतो, साधा घालून स्क्रूचं डोकं मारू नका. पट्टा काढा, तो साबणाच्या पाण्याने धुतला तरी चालतो, पण पूर्ण वाळू द्या. शीटचं एक टोक चिमट्याने हळू उचला. खाली सोनेरी कड्यांवर हिरवट-काळा थर दिसला तर तोच चोर. कान साफ करायच्या काडीला आयपीए लावून गोल गोल फिरवा. नाही निघाला तर पेन्सिलीचं पांढरं खोडरबर अगदी हलक्या हाताने. पॉलिशपेपर मारणारे बहाद्दर आहेत. सोन्याचा थर नावालाच असतो, तो गेला की खालचं तांबं उघडं पडतं आणि दोन महिन्यांत परत गंजतं.

एकदा उचललेल्या शीटचा चिकटपणा जातो, त्यामुळे शक्यतो नवीनच टाका. चालणाऱ्या मॉडेलचं शीट वीस-तीस रुपयांचा माल आहे. मॉडेल जुनं असेल आणि शीट मिळत नसेल तर आम्ही दुसऱ्या शीटचे सुटे डोम काढून बसवतो आणि वरून टेप मारतो. चालतं ते.

तांदळाने काही होत नाही. तांदूळ गंज खात नाही, उलट त्याची पूड चार्जिंगच्या भोकात जाते. फोन भिजला की पहिल्यांदा बॅटरी काढा. बॅटरी असली तर ओल्या लाइनीत करंट चालू राहतो आणि तासाभरात तांबं खाल्लं जातं. हेअर ड्रायर लावणाऱ्यांनी डोम शीटचा गोंद वितळवून आणलेलं बघितलंय.

आणखी एक, फुगलेली बॅटरी. ती बोर्डाला मागून दाबते आणि बटणं आपोआप दाबली जातात नाहीतर लाइनीला तडा जातो. बॅटरी काढून काचेवर ठेवा आणि बोटाने भिरकी द्या. गरागरा फिरली तर पोट सुटलंय, बदला. माळरान, तुम्ही पण हे बघून घ्या.

---

माळरान

सोल्डरकर, दंडवत घ्या! चुलतभावाला फोन करून बॅटरीची भिरकी द्यायला लावली. फिरत नाही, म्हणजे बॅटरी चांगली आहे. उघडायचं धाडस आमच्यात कोणाचं नाही. विट्याला कोणी चांगला कारागीर आहे का विचारतोय. तोवर मोटरीचं काय करावं हा प्रश्न आहेच.

---

बिनतारी

टेलिफोन खात्यात आयुष्य गेलं, त्यामुळे मोटरीचा उपाय माझ्याकडे आहे. 1 दाबायची गरजच नाही.

नाव साठवताना नंबराच्या पुढे इंग्रजी पी आणि मग 1 असं साठवता येतं. साध्या फोनवर नंबर लिहिताना * दोन-तीनदा पटपट दाबलं की आधी +, मग पी, मग डब्ल्यू येतो. पी म्हणजे थांबा घ्या. फोन लागला, पलीकडून उचलला गेला, की आपला फोन थोडा थांबतो आणि पुढचा आकडा स्वतः पाठवतो. डब्ल्यू घातला तर फोन आधी विचारतो, पाठवू का. तुम्हाला पी हवा.

मात्र 1 लिहायलाच 1 चं बटण लागणार, आणि तेच बंद! म्हणून नानांचं सिम काढून घरातल्या दुसऱ्या बटणाच्या फोनमध्ये घाला. "मोटर सुरू" या नावाने नंबर, पी, 1. "मोटर बंद" या नावाने नंबर, पी, 2. दोन्ही फोनच्या मेमरीत न ठेवता सिमवर साठवा. सिम परत नानांच्या फोनमध्ये. आता नाव काढायचं आणि हिरवं बटण दाबायचं. स्टार्टरमधली बाई जरा लांबण लावत असेल आणि आकडा आधीच जात असेल तर दोन पी घाला.

जिज्ञासूंसाठी: बटण दाबल्यावर जो सूर ऐकू येतो तो दोन सुरांचा मिळून असतो, आडव्या रांगेचा एक आणि उभ्या रांगेचा एक. 1 साठी 697 आणि 1209 हर्ट्झ. जुन्या टेलिफोनमध्ये हा सूर खरोखर तारेतून जायचा. टूजी मोबाइलमध्ये फोन नेटवर्कला फक्त "1 दाबला" असा निरोप पाठवतो आणि सूर पलीकडे तयार होतो. म्हणून काही जण फोनशेजारी दुसरा फोन धरून सूर ऐकवायचा प्रयोग करतात, तो बहुतेक वेळा फसतो. मधल्या यंत्रणेत आवाज दाबून बारीक केला जातो, त्यात सूर वाकडे होतात.

---

वेलदोडा

बिनतारीकाका, हे भारीच आहे. बँकेच्या फोनसाठीही चालेल का? मराठीसाठी अमुक दाबा, मग तमुक दाबा...

---

बिनतारी

भाषेच्या आकड्यापर्यंत चालेल. पिन मात्र अशी साठवू नका, कधीच नाही. 2022 पासून साध्या फोनवरून पैसे पाठवायला यूपीआय 123पे ची सोय आहे आणि इंटरनेटशिवाय बँकेचं काम करायचा *99# हा नंबर तर त्याच्याही आधीपासून आहे. दोन्हीत पिन बोटांनीच मारावी लागते. पिनमधल्या आकड्याचं बटण गेलं असेल तर फोन दुरुस्त होईपर्यंत सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून व्यवहार करा. चार वेळा चुकीची पिन जाण्यापेक्षा बरं.

---

दावा_अर्ज

वकिली चष्म्यातून थोडं. वॉरंटी संपल्यावर कंपनी फुकट दुरुस्तीला बांधील नाही हे खरं, पण "वॉरंटी संपली" या दोन शब्दांत सगळं मिटतं असंही नाही.

पहिलं: वॉरंटी चालू असताना याच त्रासासाठी फोन दिला होता का? दिला असेल तर जॉबशीट, म्हणजे फोन दुरुस्तीला दिल्याची पावती, शोधा. त्यावरची तारीख वॉरंटीतली असेल आणि तोच बिघाड परत आला असेल तर तुमची बाजू भक्कम. म्हणूनच सर्व्हिस सेंटरमधून जॉबशीट घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. "बघून सांगतो" म्हणून फोन तोंडी ठेवून घेतात, तिथे अडून बसा.

दुसरं: ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये तक्रारीची मुदत, तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांची आहे. वॉरंटीची मुदत आणि ही मुदत वेगळ्या. लोक या दोन्हींची गल्लत करतात. फोनच मुळात सदोष होता असं दाखवता आलं तर वॉरंटीनंतरही दाद मागता येते. मात्र ते दाखवायचं ओझं तुमच्यावर. तज्ज्ञाचा अहवाल वगैरे लागू शकतो.

तिसरं, आणि खरं उपयोगाचं: 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीतून बोलता येतं. ते खटला चालवत नाहीत, तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करतात. वॉरंटी संपून थोडेच दिवस झाले असतील तर अशा तक्रारीनंतर कंपन्या कधी कधी पदरमोड करून दुरुस्ती करून देतात. हक्क म्हणून नाही, तोंड राखायला. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण दीड हजाराच्या फोनसाठी तारखा करणार का, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या अशिलाला मी नको म्हणेन.

सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात मोबाइल आहेत. कंपन्यांनी तिथे सुटे भाग, दुरुस्तीची माहिती वगैरे द्यावी ही कल्पना. साध्या फोनच्या किपॅडसाठी त्यातून फार काही हाती लागेल असं मला वाटत नाही.

---

ऱ्हाइनकाठचा

इकडे जर्मनीत बसून वाचतोय. युरोपात 20 जून 2025 पासून नियम लागू झालाय, मॉडेलची विक्री थांबल्यावरही 7 वर्षं सुटे भाग पुरवावे लागतात आणि त्यात स्मार्टफोनबरोबर साधे फोनही धरलेत. पण इथे दुरुस्तीची मजुरीच इतकी आहे की भाग मिळून करायचं काय? सोल्डरकरांसारखा माणूस दोन-अडीचशेत जंपर मारून देतो, हे इथल्या मित्राला सांगितलं तर त्याला खरं वाटेना.

---

निवांत_बसलो

सगळं मान्य, तरी माझा मुद्दा राहतोच. जंपर मारलेला फोन कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि मोटरीसारखं काम त्याच्यावर. मी तर म्हणतो, दुरुस्त करा पण त्याच मॉडेलचा एक जुना फोन घेऊन ठेवा. ऑनलाइन जुन्यात मिळतो. स्क्रीन फुटलेला पण बटणं चांगली असलेला तर कोणी फुकट देईल.

---

सोल्डरकर

हे पटलं. आम्ही अशा फोनला डोनर म्हणतो. फक्त जुना फोन रस्त्यावरच्या माणसाकडून घेऊ नका. घ्यायच्या आधी *#06# दाबा, 15 आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर, येतो. इंग्रजीत केवायएम (KYM) लिहून जागा सोडून तो नंबर 14422 वर मेसेज करा, फोन ब्लॉक केलेला किंवा नंबर दुसरीकडे वापरात असेल तर कळतं. (बघा, यालाही 0 आणि 6 लागतात. तुमच्या फोनवर नाही जमणार. बॅटरीखालच्या लेबलवर छापलेला असतो.)

दुकानात देताना सिम आणि कार्ड काढून घ्या. नंबर फोनच्या मेमरीत असतील तर आधी सिमवर कॉपी करा. सिमवर साधारण 250 नावं बसतात, एका नावाला एकच नंबर, आणि लांबलचक नावं कापली जातात. "शंकर ट्रॅक्टरवाला विटा" चं "शंकर ट्रॅक्टर" होईल.

---

चिंचगुळ

अवांतर वाटेल, पण आमच्याकडे उलटं झालं. आईच्या फोनचं 5 चं बटण आत रुतून बसलं आणि पोलिसांचा फोन आला, "आपण मदतीसाठी फोन केला होता का?" दोनदा झालं. आई घाबरून फोनला हात लावेना.

---

बिनतारी

अवांतर नाही, महत्त्वाचं आहे. 1 जानेवारी 2017 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनला संकटाचं बटण असणं सक्तीचं आहे. साध्या फोनमध्ये 5 किंवा 9 बराच वेळ दाबून धरला की मदतीचा फोन, म्हणजे 112, लागतो. बटण रुतलं म्हणजे दाबून धरल्यासारखंच. दुरुस्त होईपर्यंत वापर नसताना फोन बंद ठेवा. पट्ट्याखाली साखर, पीठ, चहा काही गेलंय का बघा. स्वयंपाकघरातल्या फोनला हे फार होतं.

---

चिंचगुळ

पट्टा काढला. खाली गूळ! आईचा फोन डब्याशेजारीच असतो. साबणाच्या पाण्याने धुतला, वाळवून बसवला, 5 परत टक् टक् करतंय. माझ्या नावाला शोभेलसं झालं.

---

मु_पो_नागपूर

माझा प्रश्न जरा वेगळा. बटणाचा नाही, टचवाला फोन आहे. लिहायला घेतलं की खालच्या किपॅडच्या मधल्या ओळीतली अक्षरंच उठत नाहीत. वॉरंटी केव्हाच गेली. सीताबर्डीवर विचारलं तर म्हणतात डिस्प्ले टाका, साडेतीन हजार.

---

उचापती

फोन आडवा करून बघा. आडवा केल्यावर दुसरीच अक्षरं जायला लागली, म्हणजे स्क्रीनवरची जागा तीच राहिली, तर टच गेलाय, दुकानदार बरोबर बोलतोय. तीच अक्षरं अडत असतील तर किपॅडचं अ‍ॅप बिघडलंय: सेटिंगमध्ये जाऊन त्याचा डेटा साफ करा किंवा दुसरं किपॅड टाका, फुकटात काम. टचच गेला असेल आणि फोटो वगैरे काढून घ्यायचे असतील तर ओटीजीची पिन (फोनला माउस जोडायचा बारका जोड) घेऊन माउस लावा, बहुतेक अँड्रॉइडवर बाण उमटतो.

---

मु_पो_नागपूर

आडवा केला. दुसरी अक्षरं गेली. म्हणजे टचच. साडेतीन हजाराचं बघावं लागते आता.

---

माळरान

अपडेट.

आधी मोटर. आईच्या फोनमध्ये सिम घालून चुलतभावाने "मोटर सुरू" आणि "मोटर बंद" साठवलं. एका पीने जमेना, बाई "नमस्कार" म्हणते तेवढ्यात 1 निघून जायचा. दोन पी घातल्यावर लागलं. नानांना वाटलं फोनच बदलून आणला. आता त्यांनी भावकीतल्या दोघांनाही तसं साठवून दिलंय. बिनतारीकाका, आमच्या वाडीत तुमचं नाव झालं आहे.

मग फोन. शनिवारी गावी गेलो तेव्हा विट्याला घेऊन गेलो. सोल्डरकरांनी सांगितल्याप्रमाणे कागदावर चार बटणं लिहून नेली. पहिल्या दुकानात "शीट टाकून बघू" म्हणाले, निघालो. दुसऱ्या दुकानातल्या पोराने कागद वाचला, काही बोलला नाही, फोन खोलला आणि मीटरचं एक टोक 1 च्या कड्यावर, दुसरं 6 च्या कड्यावर ठेवलं. बीप. म्हणाला, "दोन्ही एकाच लाइनीवर आहेत." मग एक टोक 1 वर तसंच ठेवून दुसरं आयसीशेजारच्या एका बारक्या ठिपक्यावर टेकवलं. बीप नाही. भिंगाखाली मला दाखवलं: चार्जिंगच्या तोंडापासून थोडं आत, बोर्डाच्या कडेला एक टाचणीच्या टोकाएवढा हिरवा डाग, आणि त्यातून जाणारी लाइन मध्येच नाहीशी झालेली. तिथे घाम किंवा पावसाचं पाणी गेलं असावं म्हणाला. नाना फोन बंडीच्या खिशात ठेवतात, ते भिजतंच. डाग खरवडला, धुतला, तार टाकली, वरून हिरवा लेप दिला आणि दिव्याखाली सुकवला. चारही बटणं सुरू. दीडशे घेतले.

---

दावा_अर्ज

छान. बिल घेतलं का?

---

माळरान

मागितलं. आधी हसला. मग रिचार्जच्या पावतीच्या मागे "किपॅड लाइन जंपर, 1 महिना गॅरंटी, पाणी गेल्यास नाही" असं लिहून शिक्का मारून दिला.

---

सोल्डरकर

पोरगा चांगला आहे, नंबर जपून ठेवा. लेप दिला हे महत्त्वाचं, नाहीतर तीच जागा परत गंजते. पावसाळ्यात नानांना फोन बंडीत ठेवू देऊ नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीची घडी खाली येईल असा ठेवा. आणि सर्व्हिस सेंटरवाल्याने जो स्टिकर बघितला, त्याचा रंग कुठला होता? पांढरा असेल तर तिथवर पाणी पोचलेलं नाही. लाल किंवा गुलाबी झाला असेल तर वॉरंटीत असता तरी हात वर केले असते.

---

माळरान

आत्ता व्हिडिओ कॉलवर आईला झाकण काढायला लावलं. फिकट गुलाबी.